हाका म्हणजे नुसता नाच नव्हे!

टीव्ही रूममध्ये न्यूझीलंडची रग्बी मॅच लागली की मागून कोणीतरी ओरडतंच, "अरे, नाचायला लागले बघ!" मित्रांनो, तो नुसता नाच नाही, हाका आहे.

'का माते' हा त्यांचा सगळ्यात प्रसिद्ध हाका. 'ते राउपाराहा' नावाच्या माओरी सरदाराने तो 1820 च्या सुमारास रचला. शत्रू मागावर, आणि हे महाशय रताळी साठवायच्या खड्ड्यात लपलेले! जीव वाचला, वर येऊन ऊन पाहिलं, त्या आनंदाचा हा हाका. धमकी वगैरे त्यात मुळात नाहीच.

1888-89 मध्ये बहुतेक माओरी खेळाडूंची एक टीम ब्रिटनला गेली. काळी जर्सी, नेच्याचं रुपेरी पान, हाका, सगळं त्यांच्याकडे होतं. 'ऑल ब्लॅक्स' हे नाव गाजलं ते 1905 च्या दौऱ्यात.

चीड येते ती पुढे. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद, म्हणून 1928, 1949 आणि 1960 च्या दौऱ्यांत माओरी खेळाडूंना चक्क घरी ठेवलं. 1960 ला विरोधात दीड लाखाच्या आसपास सह्या जमल्या, तरी टीम गेलीच. 1970 ला माओरी गेले, पण 'मानद गोरे' म्हणून! आणि हाका? 1973 च्या बार्बेरियन्स मॅचची फिल्म बघा, आपल्या गॅदरिंगची पहिली प्रॅक्टिस बरी.

1987 च्या सुमारास बक शेल्फर्ड या माओरी खेळाडूने टीमकडून तो नीट बसवून घेतला. अर्थ समजून करायचा, नाहीतर नकोच. 2005 मध्ये डेरेक लार्डेलींनी खास टीमसाठी 'कापा ओ पांगो' रचला. तो पहिल्यांदा झाला डुनेडिनला, आणि समोर कोण? दक्षिण आफ्रिका!