उलट फिरणारा भुजादंड

बंगळूरच्या चिकपेटेतील अरुंद व गजबजलेल्या गल्ल्यांतून जाणाऱ्या दुचाकीला मंद गतीतही पुरेसा जोर लागतो. शर्यतीच्या मार्गावरील गरज निराळी असते. तेथे यंत्राचे फेरे जलद व्हावेत आणि त्यांतून अधिक शक्ती मिळावी, अशी अपेक्षा असते. या दुसऱ्या जातीचे एक बोधप्रद उदाहरण म्हणजे इटलीतील एम. व्ही. अगुस्ता कंपनीची ‘एफ-३ ८००’ ही मोटारसायकल होय. पुण्याच्या कायनेटिक उद्योगसमूहाने २०१६ साली ती भारतीय बाजारात आणली.

हिच्या यंत्राला तीन सिलिंडर असून त्यांची एकूण धारणा ७९८ घन सेंटिमीटर आहे. प्रत्येक सिलिंडरचा व्यास ७९ मिलिमीटर, तर दट्ट्याची धाव केवळ ५४.३ मिलिमीटर आहे. मिनिटास १३,००० फेरे होत असता हे यंत्र १४८ अश्वशक्ती देते. त्या वेळी दट्ट्याचा सरासरी वेग सेकंदास सुमारे २३.५ मीटर असतो. धाव लांब असती, तर हा वेग आणि त्याबरोबर यंत्राच्या भागांवरील ताणही वाढला असता.

तीनच सिलिंडर का? भुजादंडाचे तीन बाहू परस्परांशी १२० अंशांचा कोन करतात. त्यामुळे दर २४० अंशांनी एक स्फोट होतो आणि दट्ट्यांच्या वरखाली हालचालीतील धक्के एकमेकांस छेद देतात. यंत्राची दोन्ही टोके झुलू पाहतात, तेवढा दोष एका संतुलक दंडाने दूर करावा लागतो. शिवाय चार सिलिंडरांच्या यंत्राहून हे यंत्र अरुंद करता येते. जाकोमो अगोस्तिनी याने १९६६ ते १९७२ अशी सलग सात वर्षे ५०० घन सेंटिमीटर गटाचे जगज्जेतेपद मिळविले, ते प्रामुख्याने याच कंपनीच्या तीन सिलिंडरांच्या गाड्यांवर.

तथापि खरे वैशिष्ट्य निराळेच आहे. बहुतेक मोटारसायकलींचा भुजादंड चाकांच्याच दिशेने फिरतो. येथे तो उलट फिरतो. वेगाने फिरणारा भोवरा आपला अक्ष सहजासहजी ढळू देत नाही. चाके आणि भुजादंड हेही एक प्रकारे भोवरेच होत. ते एकाच दिशेने फिरले, तर त्यांचा विरोध एकवटतो आणि वळणावर गाडी कलविणे जड जाते. भुजादंड उलट फिरविल्यास चाकांच्या विरोधाचा काही अंश नाहीसा होतो. तसेच वेग एकाएकी वाढविताना भुजादंडाची प्रतिक्रिया पुढील चाकाला खाली दाबते आणि ते उचलले जाण्याचा संभव कमी होतो. याची किंमतही आहे. मागील चाकाला योग्य दिशा मिळावी म्हणून दातेरी चाकांचा एक टप्पा वाढतो व घर्षणात थोडी शक्ती खर्ची पडते.

गती मिळविण्याइतकेच ती आवरणेही महत्त्वाचे आहे. ताशी ४० किलोमीटरवरून वेग २४० वर गेला, म्हणजे सहापट झाला, तर गाडीतील गतिज ऊर्जा ३६ पट होते. ती सारी ऊर्जा थांबताना उष्णतेत रूपांतरित करावी लागते. म्हणूनच पुढील चाकास ३२० मिलिमीटर व्यासाच्या दोन ब्रेक-तबकड्या दिलेल्या आहेत.