वॉर्डांची वंशावळ

आमच्या यवतमाळात वंशावळ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रघुवंश उभा राहत नाही, तहसील कचेरी उभी राहते. मुलाच्या जातपडताळणीच्या अर्जाला शपथपत्रावरील वंशावळ जोडावी लागते, आणि तिच्यातील प्रत्येक पुरुष खरोखरच हयात होता व अमक्याचाच पुत्र होता हे सिद्ध करण्यासाठी कुणी पणजोबाच्या जन्माची कोतवाल बुकातील नक्कल मिळवितो, कुणी आजोबांच्या शाळेतील दाखल-खारीज रजिस्टराचा उतारा काढतो, तर कुणी भूमिअभिलेखाच्या खिडकीशी तासन् तास तिष्ठत अधिकार अभिलेखाची वाट पाहतो. अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा दाखला सादर करावा लागत असल्यामुळे, ज्याला आपल्या आजीचे माहेरचे नाव ठाऊक नाही असा मनुष्यही गावच्या कोतवालाने सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी कोणत्या शाईने काय लिहिले हे तोंडपाठ सांगू शकतो. गरजेपोटी शिकलेली ही विद्या एखाद्या परक्या घराण्यावर चालवून पाहावी, असे मनात आले तेव्हा ज्याचा यवतमाळशी संबंध आला असे अमेरिकन घराणे फार दूर शोधावे लागले नाही.

ते घराणे वॉर्डांचे. अर्नेस्ट फ्रेमाँट वॉर्ड आणि त्यांची पत्नी फीबी एलिझाबेथ कॉक्स वॉर्ड हे दांपत्य अमेरिकेच्या मध्यपश्चिम प्रदेशातून, इलिनॉय राज्यातून निघून १८८१ च्या जानेवारीत मुंबईस उतरले आणि बऱ्हाणपूर, एलिचपूर या वाटेने वऱ्हाडाशी जोडले गेले. फ्री मेथडिस्ट पंथाचे हे भारतातील पहिले मिशनरी. पुढे त्या पंथाचे येथील मुख्य ठाणे यवतमाळ झाले. त्यांची कन्या एथेल एलन वॉर्ड हिने आईबापांचे चरित्र लिहिले, ते १९५१ मध्ये इंडियाना राज्यातील विनोना लेक येथे छापले गेले आणि त्याच्या शीर्षकातच १८८० ते १९२७ असा त्यांच्या भारतकार्याचा काळ नोंदविलेला आहे. फीबीबाईंचे स्वतःचे पुस्तकही आहे. त्याच्या नावात त्यांनी ‘भरतखंड’ हा आपला शब्द जसाच्या तसा ठेवला आहे.

हा पंथ कोणता, हे सांगितल्यावाचून घराणे कळावयाचे नाही. १८६० साली न्यूयॉर्क राज्यातील पेकिन या गावी बेंजामिन टायटस रॉबर्ट्स यांनी तो स्थापन केला. त्या काळी देवळातील बाके वार्षिक भाड्याने दिली जात, म्हणजे धनिक पुढे आणि दरिद्री मागे. ही बाके सर्वांस मोफत असावीत आणि गुलामगिरीशी तडजोड नसावी, हा त्यांचा आग्रह नावातील ‘फ्री’ या शब्दात उतरला आहे. पंथ लहान, परंतु शाळा काढण्यात मोठा हौशी. मिशिगनमधील स्प्रिंग आर्बर येथे १८७३ त आणि इलिनॉयमधील ग्रीनव्हिल येथे १८९२ त त्याची विद्यालये सुरू झाली. धर्मोपदेशक आणि शिक्षक हे दोन्ही व्यवसाय एकाच घरात, पुष्कळदा एकाच माणसात नांदत असल्याचे या पंथाच्या वंशावळींत वारंवार आढळते, त्याचे मूळ येथे आहे.

त्याचे आणखी एक मूळ जमिनीत आहे. अमेरिकन संघराज्याने १७८५ च्या जमीन कायद्यान्वये पश्चिमेकडील मुलूख सहा मैल चौरसाच्या टाउनशिपांत मोजला, प्रत्येक टाउनशिपचे छत्तीस तुकडे पाडले आणि त्यांपैकी सोळावा तुकडा शाळेच्या खर्चासाठी राखून ठेवला. आपल्याकडे पेशव्यांनी किंवा निजामाने देवस्थानास, भिक्षुकास इनाम गाव द्यावा, तसे हे शाळेला दिलेले इनाम होय. फरक इतकाच की तेथे सनद कुण्या व्यक्तीच्या नावे नव्हती, म्हणून तिच्यावरून भाऊबंदकीही झाली नाही. वस्ती पडण्यापूर्वीच जेथे शाळेची जागा ठरली, तेथे प्रत्येक पिढीत घरातील कुणीतरी शिक्षक होणे स्वाभाविकच होते.

आता दप्तराकडे वळू. अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होते. आरंभी केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव आणि बाकीच्यांचे आकडे लिहिले जात; १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव लिहू लागले. ‘स्वतंत्र’ या विशेषणावर क्षणभर थांबावे, कारण गुलामांच्या वेगळ्या याद्यांत धन्याच्या नावाखाली वय, लिंग आणि वर्ण एवढेच असे, त्यांचे स्वतःचे नाव सहसा नसे. १८८० च्या शिरगणतीत कुटुंबप्रमुखाशी प्रत्येकाचे नाते काय, हा रकाना प्रथमच आला आणि वंशशोधकांचे अर्धे काम सोपे झाले. ती शिरगणती जूनमधली; वॉर्ड दांपत्याने त्याच वर्षाच्या अखेरीस देश सोडला. म्हणजे नात्यांचा हा पहिला रकाना भरला गेला तेव्हा ती दोघे मायदेशीच होती. त्यांच्या नशिबाचा योग असा की ती मुंबईस उतरली त्यानंतर महिन्याभरात, १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री, हिंदुस्थानातील पहिली एककालिक शिरगणती झाली. वर्षभराच्या आत दोन खंडांतील दोन मोजण्या. पण पहिल्या मोजणीतील नाव आज कुणीही घरबसल्या पाहू शकतो, आणि दुसरीतील केवळ बेरजा उरल्या आहेत.

पुढचे दशक मात्र अमेरिकेतही रिकामे आहे. १८९० च्या शिरगणतीचे बहुतेक कागद १९२१ साली वॉशिंग्टन येथील वाणिज्य खात्याच्या इमारतीत लागलेल्या आगीने आणि ती विझविण्यासाठी ओतलेल्या पाण्याने नष्ट किंवा खराब झाले. तेथील वंशशोधक या आगीविषयी ज्या हळहळीने बोलतात ती पाहून आमच्याकडील वाळवीची आठवण होते, जी कुठलीही तारीख न ठेवता आपले काम करते. वॉर्डांपुरती ती हानी फारशी नव्हती, कारण तेव्हा ती मंडळी आमच्याच भागात होती आणि त्यांचा माग मिशनच्या वार्षिक अहवालांतून काढावयाचा आहे.

मेथडिस्ट परंपरेत धर्मोपदेशकाला एका गावी फार काळ ठेवीत नसत. दरसालच्या परिषदेत नेमणुका वाचून दाखविल्या जात आणि घर गुंडाळून पुढच्या गावी जावे लागे. महसूल खात्यातील आमच्या कारकुनांना ज्या बदल्यांची धास्ती असते, त्या या लोकांनी व्रत म्हणून पत्करल्या होत्या. त्या कुटुंबाला हे कष्टाचे असेल, वंशशोधकाला ते वरदान आहे. परिषदेची छापील कार्यवृत्ते एकामागून एक लावली की मनुष्य कोणत्या वर्षी कोठे होता याची साखळी जुळते. ज्या गावी तो होता त्या काउंटीच्या कचेरीत विवाहाची नोंद, मृत्युपत्र, जमिनीचे खरेदीखत सापडते. आणि निधनानंतर त्याच कार्यवृत्तात चार ओळींचा मृत्युलेख, ज्यात जन्मगाव व धर्मांतराचे वर्ष बहुधा असतेच.

नावांतूनही पुष्कळ वाचता येते. जॉन फ्रेमाँट हा पश्चिमेच्या वाटा शोधणारा साहसी पुरुष, आणि १८५६ साली गुलामगिरीचा विस्तार रोखू पाहणाऱ्या रिपब्लिकन पक्षाचा अध्यक्षपदाचा पहिला उमेदवार. मुलाच्या मधल्या नावात तो येणे म्हणजे घरातील वृत्तपत्र कोणत्या बाजूचे होते याचा अंदाज, असा तर्क मी करतो. वंशशोधनात तर्कालाही जागा असते, फक्त तो पेन्सिलीने लिहावा. फीबीबाईंच्या नावातील ‘कॉक्स’ मात्र तर्क नव्हे, ते त्यांचे माहेर आहे. एवढ्या एका शब्दाच्या आधाराने त्यांच्या बापाचे, आजाचे घर गाठता येते. आमच्याकडे लग्नात मुलीचे आडनावच नव्हे तर तांदळात अंगठीने लिहून पाळण्यातले नावही बदलीत, आणि कुलवृत्तांतात ती ‘अमक्याची कन्या’ म्हणून नोंदली गेली तर नशीब. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत मात्र यात्रेला आलेल्या मातोश्रींचे नाव कधी कधी अवचित भेटते.

भारतातील नोंदी शोधताना परक्या शोधकाची खरी कसोटी लागते. यवतमाळ हे नाव इंग्रजी दप्तरात ‘येवोतमल’ अशा उच्चाराच्या वळणाने लिहिलेले असते. जिल्ह्याचे नाव तर १९०५ पर्यंत ‘वणी’ होते, आणि त्याच वर्षी वाशीम जिल्ह्यातून पुसद तालुका याला जोडला गेला. मुलूख निजामाचा, पण १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली आलेला, पुढे १९०३ पासून मध्यप्रांताला जोडलेला. म्हणजे एकाच घरातील तीन भावंडांची जन्मनोंद तीन निराळ्या मथळ्यांखाली असू शकते. आणि एलिचपूर म्हणजेच अचलपूर, हे न सांगता कळावे कसे?

या दप्तरांत एक मराठी नाव उलट्या दिशेने गेलेलेही सापडते. पंडिता रमाबाईंची मुलगी मनोरमा हिने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातील नॉर्थ चिली येथील चेसब्रो सेमिनरीत शिक्षण घेतले; ती शाळा याच बी. टी. रॉबर्ट्स यांनी काढलेली.

मनोरमा तेथे शिकत होती त्या वर्षांत वऱ्हाडात काय चालले होते? १८९६-९७ चा दुष्काळ सरतो न सरतो तोच १८९९-१९०० चा, ज्याला आमची म्हातारी माणसे ‘छप्पनचा’ म्हणत, तो येऊन ठेपला. मध्यप्रांतातून मुली गोळा करून रमाबाईंनी त्या केडगावला नेल्या. मुलांसाठी मिशनरी अल्बर्ट नॉर्टन यांनी दौंडला आश्रम काढला. यवतमाळातही फ्री मेथडिस्टांनी अनाथ मुलींना आसरा दिला. मिशनऱ्यांच्या हेतूंविषयी वाद आहेत आणि ते गैरलागू नाहीत. तथापि धामणगावच्या स्टेशनातून बैलगाडीने धान्य येण्याची वाट पाहणाऱ्या पोराला तो वाद ठाऊक नव्हता.

वंशशोधकाच्या दृष्टीने ही पोरे म्हणजे कोरी पाने होत. रस्त्याच्या कडेला सापडलेल्या चार वर्षांच्या मुलीला बापाचे नाव विचारले तर ती ‘बाबा’ म्हणणार, गाव विचारले तर ‘आमचे गाव’ म्हणणार. कोतवाल बुकात तिचा जन्म असेलही, पण कोणत्या गावच्या? बाप्तिस्म्याच्या वेळी नवे नाव मिळाले की जुन्या नावाकडे जाणारी पायवाटही बुजली. तिचे लग्न झाले, मुले झाली, नातवंडांपैकी कुणी शिक्षक झाले, कुणी पाळक. यवतमाळला १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली आणि १९८३ मध्ये पुण्याला हलली, तिच्या आवारात अशा घरांतील मुले वावरली असणारच. म्हणजे शिक्षकांचे आणि धर्मोपदेशकांचे घराणे येथेही झाले, परंतु त्याच्या वृक्षाला खोडापाशी एक आडवी रेघ आहे आणि तिच्याखाली काही लिहिलेले नाही. अशा कुणा पणतवंडाने जातपडताळणीसाठी अर्ज केला तर समिती ठरलेल्या वर्षापूर्वीचा पुरावा मागेल, आणि आधीच्या पिढीविषयी विचारील. वॉर्डांच्या पणतवंडाला मात्र विनोना लेकचे एक पुस्तक आणि १८५० ची एक शिरगणती दाखविली की काम होईल, आणि त्याच्याकडे तर कुणी दाखला मागतही नाही.

अमेरिकेची १९५० ची शिरगणती बहात्तर वर्षांची मुदत सरताच २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वांस खुली झाली. आपल्या १९४८ च्या जनगणना कायद्यात मुदत नाही. मोजणीचे कागद कुणास पाहावयास मिळत नाहीत.

एथेलबाईंच्या त्या चरित्राचे उपशीर्षक ‘भारताचे वॉर्ड’ अशा अर्थाचे आहे. इंग्रजीत वॉर्ड हे आडनाव आहे आणि पालकाच्या हवाली केलेल्या अज्ञान मुलालाही वॉर्डच म्हणतात. कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या कारभारात गेलेल्या इस्टेटींमुळे हा शब्द आमच्या वऱ्हाडी देशमुखांनाही चांगला परिचित होता. एथेलबाईंना हा श्लेष अभिप्रेत होता की नाही, हे शीर्षक सांगत नाही. पुस्तक आडनाव असलेल्या वॉर्डांचे आहे.