लहान मासेमारी नौकांवरील रडार व मार्गनिर्देशक उपकरणे

समुद्रातील नौकेचे स्थान, पाण्याची खोली, आसपासची जहाजे व हवामान यांची माहिती देणारी, तसेच संकटकाळी मदत मागण्यास उपयोगी पडणारी विद्युत साधने म्हणजे मार्गनिर्देशक उपकरणे होत. उपग्रहाधारित स्थाननिश्चिती यंत्र, खोलीमापक, सागरी वायरलेस संच, एआयएस, संकटसूचक प्रेषक व रडार यांचा त्यांत समावेश होतो. मोठ्या जहाजांवर ही सर्व साधने आंतरराष्ट्रीय नियमांनुसार असतात. लहान नौकेवर मात्र जागा, वीज व पैसा या तिन्ही गोष्टी मर्यादित असल्याने त्यांतून निवड करावी लागते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्राच्या कोकण किनाऱ्यावरील वीस मीटरपेक्षा कमी लांबीच्या मासेमारी नौका डोळ्यांसमोर ठेवून या निवडीचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

कोकणातील तांडेल पिढ्यान्‌पिढ्या किनाऱ्यावरील डोंगर, देवळे व दीपगृहे यांच्या खुणा जुळवून नौकेचे स्थान ठरवीत आले. रात्री ताऱ्यांचा आधार असे आणि खोली पाण्यात दोर सोडून वावांत मोजली जाई. किनारा दिसतो तोपर्यंत ही पद्धत उत्तम चालते. यांत्रिक नौका किनारा दृष्टीआड होईल इतक्या दूर जाऊ लागल्या, तेव्हा नव्या साधनांची गरज निर्माण झाली. जीपीएसच्या नागरी संकेतात हेतुपुरस्सर ठेवलेली अचूकतेतील घट अमेरिकेने मे २००० मध्ये काढून टाकली. त्यानंतर स्वस्त हातयंत्रानेही दहा-पंधरा मीटरपर्यंत अचूक स्थान मिळू लागले.

पुढील काळात दोन घटनांनी या विषयाकडे लक्ष वेधले. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून जीपीएस यंत्राच्या साहाय्याने मुंबईजवळ आले होते. त्यानंतर मासेमारी नौकांची ओळख पटविण्याच्या उपायांवर भर देण्यात आला व वीस मीटरपेक्षा अधिक लांबीच्या नौकांना एआयएस आवश्यक ठरले. दुसरी घटना ओखी चक्रीवादळाची. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस हे वादळ आले तेव्हा केरळ व तमिळनाडूच्या अनेक नौका दूर समुद्रात होत्या व त्यांच्यापर्यंत इशारा पोहोचला नाही. त्यांतील बऱ्याच नौकांनी पुढे देवगड बंदराचा आसरा घेतला. भ्रमणध्वनीचा संकेत किनाऱ्यापासून साधारण दहा-बारा किलोमीटरपर्यंतच मिळतो, ही उणीव त्यावेळी प्रकर्षाने जाणवली.

वीजपुरवठा

उपकरणांच्या निवडीचा पहिला विचार विजेचा असतो. लहान नौकेवर बहुधा १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी असते. तिचे आयुष्य टिकवायचे असेल तर निम्म्याहून अधिक वीज वापरू नये. म्हणजे १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून प्रत्यक्षात ५० अँपिअर-तासच उपलब्ध होतात. ४० वॉट वीज लागणारे रडार १२ व्होल्टवर सुमारे ३.३ अँपिअर प्रवाह घेते. इंजिन बंद ठेवून जाळे टाकलेल्या अवस्थेत ते बारा तास चालविल्यास ४० अँपिअर-तास खर्च होतात. उरलेल्या विजेवर दिवे, वायरलेस व इंजिन सुरू करण्याचे काम भागत नाही. म्हणून इंजिन सुरू करण्याची बॅटरी व उपकरणांची बॅटरी स्वतंत्र ठेवणे श्रेयस्कर असते.

खाऱ्या हवेने तांब्याच्या तारा व जोड लवकर गंजतात. त्यामुळे कथिलाचा मुलामा दिलेली तार, पुरेशी जाडी व प्रत्येक उपकरणास स्वतंत्र फ्यूज यांची आवश्यकता असते. बारीक तारेतून व्होल्टता घटते आणि बॅटरी भरलेली असूनही उपकरण मध्येच बंद पडते. ध्वनिक्षेपक किंवा इतर विद्युत साधन होकायंत्राजवळ बसविल्यास सुई चळते, याकडेही लक्ष द्यावे लागते.

स्थाननिश्चिती व नकाशादर्शक

उपग्रहांच्या संकेतांवरून अक्षांश व रेखांश दाखविणारे जीपीएस यंत्र हे सर्वांत कमी खर्चाचे व सर्वाधिक उपयोगाचे साधन होय. भारताच्या ‘नाविक’ प्रणालीचे संकेतही काही यंत्रे घेऊ शकतात. त्याला पडदा व सागरी नकाशा जोडला की नकाशादर्शक तयार होतो. बंदर, खडक किंवा जाळे टाकण्याची जागा त्यात नोंदविता येते, तसेच ठरावीक रेषा ओलांडल्यास इशारा देण्याची सोय असते. ही सोय विशेष महत्त्वाची आहे. पालघर जिल्ह्यातील अनेक खलाशी गुजरातच्या नौकांवर काम करतात आणि सागरी सीमा ओलांडल्याच्या कारणावरून त्यांच्यापैकी काहींना पाकिस्तानात कारावास भोगावा लागला आहे.

नकाशादर्शकावर विसंबताना दोन मर्यादा ध्यानात घ्याव्या लागतात. जीपीएस नौकेच्या प्रवासाची दिशा सांगते. नाळ कोणत्या दिशेला आहे हे सांगत नाही. नौका थांबलेली असताना किंवा प्रवाहाने आडवी वाहत असताना हा फरक मोठा होतो. म्हणून होकायंत्र लागतेच. दुसरे असे की, पडद्यावरील नकाशा कितीही मोठा करून पाहिला तरी मूळ मोजणीपेक्षा अधिक अचूक होत नाही. कोकणातील खाड्यांच्या मुखाशी असलेले वाळूचे बांध पावसाळ्यात सरकतात. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी असते. ती संपल्यावर नौका प्रथमच खाडीबाहेर काढताना मागील वर्षी नोंदविलेला मार्ग सुरक्षित असेलच असे नाही.

खोलीमापक

वरील प्रसंगी खोलीमापक उपयोगी पडतो. नौकेच्या तळाशी बसविलेला संवेदक पाण्यात ध्वनिलहरी सोडतो व तळावरून येणाऱ्या प्रतिध्वनीस लागलेल्या वेळेवरून खोली काढतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असतो. त्यामुळे ३० मीटर खोलीवरून प्रतिध्वनी येण्यास ०.०४ सेकंद लागतो. २०० किलोहर्ट्‌झची लहर उथळ पाण्यात बारकावे दाखविते. ५० किलोहर्ट्‌झची लहर अधिक खोल जाते. मासळीचा थवाही पडद्यावर उमटत असल्याने हे यंत्र ‘फिश फाइंडर’ या नावाने ओळखले जाते. ते बहुधा मासळीसाठी विकत घेतले जात असले, तरी खाडीच्या तोंडाशी त्याचे खरे मोल सुरक्षिततेसाठी आहे. दाखविलेली खोली संवेदकापासूनची असते. पृष्ठभागापासूनची किंवा कण्याखालची खोली हवी असल्यास यंत्रात तशी दुरुस्ती करून ठेवावी लागते.

संदेशवहन व संकटसूचना

सागरी व्हीएचएफ वायरलेस संचाच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्‌झवर, जहाजे व तटरक्षक दल कान ठेवून असतात. भ्रमणध्वनीवरून केलेली हाक एकालाच ऐकू जाते. या वाहिनीवरील हाक टप्प्यातील प्रत्येक नौकेला ऐकू जाते. व्हीएचएफ लहरी साधारणपणे सरळ रेषेत जात असल्याने अँटेना जितका उंच तितका टप्पा अधिक. अशा संचासाठी दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. इरिडियम व थुराया या सेवांचे उपग्रह-दूरध्वनी पूर्वपरवानगीशिवाय बाळगण्यास भारतात मनाई आहे. किनाऱ्याजवळ भ्रमणध्वनी चालत असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ व सागरी पोलिसांचा १०९३ हा मदत क्रमांक उपयोगी पडतो.

व्हीएचएफच्या टप्प्यापलीकडे उपग्रहाधारित साधने लागतात. इस्रोने विकसित केलेला संकटसूचक प्रेषक २०१० पासून वापरात आहे. कळ दाबताच नौकेची ओळख व स्थान उपग्रहामार्फत बंगळूर येथील केंद्राकडे व तेथून तटरक्षक दलाच्या शोध-बचाव केंद्रांकडे जाते. संदेश पोहोचल्याची पोच नौकेवर मिळण्याची सोय दुसऱ्या पिढीच्या प्रेषकात आहे. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेने विमानतळ प्राधिकरणाच्या सहकार्याने ऑक्टोबर २०१९ मध्ये आणलेले ‘जेमिनी’ यंत्र हवामानाचे इशारे व मासळीच्या संभाव्य क्षेत्रांची माहिती घेऊन भ्रमणध्वनीवर दाखविते. मात्र त्यावरून उलट संदेश पाठविता येत नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे राष्ट्रीय स्तरावरील योजनेचा प्रारंभ झाला. तिच्यानुसार देशातील एक लाख मासेमारी नौकांवर दुतर्फा संदेशवहन करणारे ट्रान्सपाँडर विनामूल्य बसविण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले.

रडार

रडार स्वतः रेडिओलहरी सोडून त्यांच्या परावर्तनावरून वस्तूचे अंतर व दिशा दाखविते. अंधार, धुके किंवा जीपीएसचा अभाव यांनी त्याचे काम अडत नाही; समोरच्या नौकेवर कोणतेही यंत्र नसले तरी ती दिसू शकते. लहान नौकांवरील रडार सुमारे ३ सें.मी. तरंगलांबीचे असते. जोरदार पावसाच्या सरीत या लहरींचे परावर्तन होऊन पडदा भरून जातो व मागील नौका झाकली जाते.

जाहिरातीत रडारचा टप्पा २४ किंवा ३६ सागरी मैल दिलेला असतो. प्रत्यक्षात पृथ्वीच्या वक्रतेमुळे तो उंचीने बांधलेला असतो. अँटेना व लक्ष्य यांच्या मीटरमधील उंचीच्या वर्गमुळांची बेरीज करून तिला २.२ ने गुणले असता हा टप्पा सागरी मैलांत मिळतो. चार मीटर उंचीवरील अँटेनाला एक मीटर उंचीची होडी फार तर ६.६ मैलांवर, तर २५ मीटर उंचीचे जहाज १५.४ मैलांवर दिसू शकेल. त्यातही लाकूड व फायबर यांचे परावर्तन क्षीण असल्याने होडी याहून बरीच जवळ आल्यावरच दिसते. प्रतिध्वनीची शक्ती अंतराच्या चतुर्थ घाताने घटत असल्यामुळे प्रेषणशक्ती दुप्पट केली तरी टप्पा जेमतेम १९ टक्क्यांनी वाढतो. म्हणून अधिक शक्तीसाठी पैसे मोजण्यापेक्षा अँटेना उंच बसविणे हितावह ठरते.

लहरींच्या झोताची रुंदी ही दुसरी महत्त्वाची बाब होय. सुमारे ४५ सें.मी. व्यासाच्या घुमटातील अँटेनाचा झोत साधारण ५ अंश रुंद असतो. एक सागरी मैलावर तो सुमारे १६० मीटर पसरतो. त्याहून कमी अंतराने शेजारी असलेल्या दोन नौका पडद्यावर एकच ठिपका बनतात. रुंद अँटेनामुळे झोत अरुंद होतो, पण वजन व वारा अडविण्याचे क्षेत्र वाढते. जुन्या पद्धतीच्या मॅग्नेट्रॉन रडारला सुरू होण्यास एक-दोन मिनिटे लागतात. अर्धवाहक रडार जवळजवळ तत्काळ सुरू होते व कमी वीज घेते.

एआयएस व रडार-परावर्तक

मोठ्या जहाजाच्या वाटेत सापडलेल्या होडीच्या दृष्टीने इतरांना पाहण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्यांना दिसणे महत्त्वाचे असते. बारा मीटरपेक्षा लहान यांत्रिक नौकेचा सर्व बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा नियमानुसार दोन सागरी मैलांवरून दिसावा लागतो. वीस नॉटने येणारे जहाज व पाच नॉटने जाणारी होडी समोरासमोर असतील, तर हे अंतर पाच मिनिटांहून कमी वेळात संपते. मोठे जहाज इतक्या वेळात थांबू शकत नाही. एप्रिल २०२१ मध्ये मंगळूरजवळच्या समुद्रात ‘रबाह’ ही चौदा जणांची मासेमारी नौका व एक मालवाहू जहाज यांची रात्री टक्कर झाली. नौकेवरील बहुतेकांचा त्यात अंत झाला.

एआयएस संच नौकेचे नाव, स्थान, दिशा व वेग व्हीएचएफ लहरींवरून आपोआप प्रसारित करतो. लहान नौकांसाठीचा ‘ब’ वर्गाचा संच चालू नौकेची माहिती साधारणपणे दर तीस सेकंदांनी पाठवितो व जहाजांची माहितीही ग्रहण करतो. त्याला रडारच्या मानाने फारच थोडी वीज लागते. मात्र एआयएस नसलेली किंवा ते बंद ठेवलेली नौका त्यावर दिसत नाही.

रडार-परावर्तकाला वीज मुळीच लागत नाही. परस्परांशी काटकोनात जोडलेल्या धातूच्या पत्र्यांमुळे आलेली लहर त्याच दिशेने परत जाते. पत्र्याची कड दुप्पट केली की परावर्तन सोळापट होते. परंतु कोन किंचित बिघडला तरी गुण झपाट्याने घटतो. तो शक्य तितका उंच बांधावा लागतो.

निवडीचा क्रम

वरील विवेचनावरून खर्चाच्या दृष्टीने एक क्रम सुचतो. प्रथम होकायंत्र, नियमानुसार दिवे व भरवशाचा वीजपुरवठा. नंतर जीपीएस व खोलीमापक. त्यानंतर व्हीएचएफ संच व उपग्रहाधारित संकटसूचक. पुढे परावर्तक व एआयएस. आणि शेवटी रडार. सूर्यास्तापूर्वी परतणाऱ्या, खाडीलगत मासेमारी करणाऱ्या होडीस रडारची गरज क्वचितच भासते. मुंबई बंदर व जवाहरलाल नेहरू बंदर यांच्या जहाजमार्गांजवळ रात्री काम करणाऱ्या किंवा अनेक दिवस समुद्रात राहणाऱ्या नौकेस मात्र ते उपकारक ठरते.

मर्यादा

रडारवरील ठिपक्याचे अंतर कमी होत असूनही त्याची दिशा बदलत नसेल, तर टक्कर संभवते, हा नियम नौकेवरील किमान दोघांना वापरता आला पाहिजे. त्यासाठी स्वच्छ दिवसाउजेडी, डोळ्यांना दिसणाऱ्या नौका पडद्यावर ओळखण्याचा सराव करावा लागतो. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमांनी उपकरणे असोत वा नसोत, डोळे व कान यांनी सतत टेहळणी करण्याचे कर्तव्य प्रत्येक नौकेवर घातले आहे. तसेच रडारवरील तुटपुंज्या माहितीवरून अनुमान काढू नये, असेही त्यांत सांगितले आहे. वीज गेल्यास उपयोगी पडावे म्हणून होकायंत्र, कागदी नकाशा व शेवटच्या स्थानाची वेळेसह लेखी नोंद जवळ ठेवणे आवश्यक असते.