चमत्कार वजा केल्यावर उरणारी माणसे

ग्रीक पुराणकथेनुसार अथेन्स नगरी क्रीटच्या मिनॉस राजाला दर नऊ वर्षांनी सात मुलगे व सात मुली खंडणी म्हणून पाठवीत असे. तेथील भुलभुलैयात बैलाचे डोके असलेला मिनोटॉर त्यांचा बळी घेई. अखेर थिसियसने त्याला ठार केले.

या कथेतून चमत्कार वजा केला तर काय उरते? हा प्रश्न खुद्द प्राचीन ग्रीकांनीच विचारला होता. चरित्रकार प्लूटार्कने क्रीटवासीयांचे म्हणणे नोंदवले आहे : भुलभुलैया म्हणजे केवळ तुरुंग आणि ‘टॉरस’, म्हणजे बैल, हे मिनॉसच्या क्रूर सेनापतीचे नाव. ॲरिस्टॉटलचे मतही तो देतो : ती मुले मारली जात नसत, गुलामीतच म्हातारी होत.

इ. स. १९०० मध्ये आर्थर इव्हान्स यांनी क्रीटमधील नॉसॉस येथे उत्खनन सुरू केले. तेथे असंख्य दालनांचा राजवाडा आणि बैलावरून उडी घेणाऱ्यांचे भित्तिचित्र सापडले. त्याच्या आधारे मेरी रेनॉल्ट यांनी १९५८ साली ‘द किंग मस्ट डाय’ ही कादंबरी लिहिली. तिच्यात खंडणीतील मुलांना बैलांच्या जीवघेण्या खेळात उतरवले जाते.

राक्षस असेपर्यंत दोष राक्षसाचा असतो. तो नाहीसा होताच माणसांची खंडणी घेणारी राजसत्ता उघडी पडते. अशा पुनर्कथनाचे मोल यातच आहे. मात्र शक्य वाटणारी गोष्ट घडलीच, असे मानणे ही नवी अंधश्रद्धा होय. भित्तिचित्र त्या खेळाची साक्ष देते, थिसियसची नव्हे. कादंबरीकार रिकाम्या जागा कल्पनेने भरतो; इतिहासकाराला पुराव्यापाशी थांबावे लागते.

हीच चिकित्सक दृष्टी बाबासाहेबांनी १९५७ साली प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात दाखविली. वृद्ध, रोगी व मृत मनुष्य एकोणतीस वर्षांच्या सिद्धार्थाने प्रथमच पाहिले, हे त्यांच्या बुद्धीला पटले नाही. त्यांनी गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत झालेल्या संघर्षात शोधले. त्याने तथागत उणे झाले नाहीत. युद्धाला विरोध करणारा करुणामय माणूस अधिक जवळ आला.

म्हणून पालकहो, मुलांना पुराणकथा अवश्य सांगा. पण “हे खरेच घडले का?” असे मुलाने विचारले, तर त्याला गप्प करू नका. त्याच्यासह आणखी एक प्रश्न विचारा : या कथेत खंडणी कोण देत होते आणि कोण घेत होते?