टंकलेखन यंत्र आणि नागरी लिपी

कोणाचे अक्षर मोत्यासारखे असते, तर कोणाचे त्याचे त्यालाही लागत नाही. परंतु कचेरीतील कागदावर जमिनीचा, वारसाचा, हक्काचा निर्णय अवलंबून असतो. तेथे संदिग्ध अक्षर चालत नाही. म्हणून छापल्यासारखे स्वच्छ अक्षर झटपट उमटविणारे यंत्र करण्याचा प्रयत्न अनेकांनी केला.

अमेरिकेतील मिलवॉकी शहरी राहणाऱ्या ख्रिस्तोफर शोल्स यांना त्यात यश आले. सहकाऱ्यांसह त्यांनी १८६८ साली आपल्या यंत्राचे पेटंट मिळविले. पुढे बंदुका व शिवणयंत्रे बनविणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने ते १८७४ मध्ये विक्रीस आणले. कळ दाबली की अक्षराचा दांडा उसळून शाईच्या फितीवर आदळे आणि कागदावर अक्षर उमटे. आरंभी त्यावर इंग्रजीतील केवळ मोठी अक्षरे होती. १८७८ च्या यंत्रात प्रत्येक दांड्यावर मोठे व लहान अशी दोन रूपे बसविण्यात आली.

इंग्रजीची मूळ अक्षरे अवघी सव्वीस. नागरीत मात्र स्वर, व्यंजने, काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे! कळा तर पन्नासाहूनही कमी. मग हे साधावे कसे?

युक्ती अशी की, ख, ण, श यांसारख्या अक्षरांची अर्धीच रूपे कळांवर घेतली. पुढे काना जोडला की अक्षर पूर्ण होई. न जोडता दुसरे व्यंजन घेतले की जोडाक्षर होई. मात्रा व उकार यांच्या कळा अशा बसविल्या की, त्या दाबल्यावर कागद पुढे सरकत नसे. म्हणून ती चिन्हे अक्षराच्या वर वा खाली बसत.

यंत्रासाठी लिपीच बदलावी, असेही काहींचे मत होते. १९५३ च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे देण्याची सूचना केली. पण ती रुजली नाही.

१९५५ मध्ये मुंबईच्या गोदरेज कंपनीने पहिले भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र तयार केले. पुढे १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही महाराष्ट्राची राजभाषा ठरली. यवतमाळ, पुसद, वणी येथील शेतकऱ्याला सरकारी कागद स्वतःच्या भाषेत मिळावयाचा, तर मराठी टंकलेखन अपरिहार्यच होते.

आज कचेऱ्यांत संगणक आले आहेत. तथापि जुन्या यंत्राची ती कळरचना संगणकावरही उपलब्ध असून अनेक टंकलेखकांची बोटे अद्याप तिच्यावरच चालतात. भाषेने यंत्रापुढे वाकावयाचे नसते. यंत्राला भाषेच्या सेवेस लावावयाचे असते.