लक्षद्वीपची वाळू : मुद्दल आणि व्याज

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी लक्षद्वीपला भेट दिली आणि तेथील पर्यटनाची चर्चा देशभर सुरू झाली. या बेटांचे मोठे आकर्षण म्हणजे त्यांचे शुभ्र वाळूचे किनारे. ही वाळू येते कोठून, हा प्रश्न मात्र कोणत्याही विकासयोजनेच्या आधी विचारावयास हवा.

कोकणातील नद्या सह्याद्रीची झीज समुद्राकडे वाहून नेतात. लक्षद्वीपला डोंगर नाही आणि नदीही नाही. तथापि दख्खनच्या पठाराशी त्याचे नाते आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त स्थानातून लाव्हारस उसळून महाराष्ट्राचा काळा पाषाण घडला, त्याच स्थानावरून भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत असता समुद्रतळावर ज्वालामुखी पर्वतांची रांग उभी राहिली, असे भूशास्त्रज्ञ मानतात. पुढे ते पर्वत खचत गेले आणि त्यांच्या माथ्यावर प्रवाळांचे थर चढत गेले. कंकणद्वीपांच्या निर्मितीची अशी उपपत्ती चार्ल्स डार्विन यांनी १८४२ मध्येच मांडली होती.

साहजिकच येथील वाळू दगडाची नसून सजीवांची आहे. प्रवाळांचे तुकडे, शिंपले, चुनखडीयुक्त शैवाल आणि सूक्ष्म जीवांची कवचे यांचा तो चुरा होय. प्रवाळ कुरतडणारा पोपटमासाही त्यात आपल्या विष्ठेवाटे भर घालीत असतो. लाटा हा चुरा काठावर आणतात आणि ऋतुमानाप्रमाणे इकडून तिकडे हलवितात. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर जिवंत प्रवाळखडक हे मुद्दल आणि वाळू हे त्याचे व्याज.

या व्याजावरच बेटे उभी आहेत. सुमारे ३२ चौरस किलोमीटर भूमीपैकी दहा बेटांवर मनुष्यवस्ती असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४,४७३ होती. पावसाचे गोडे पाणी जमिनीखालच्या वाळूत व सच्छिद्र खडकात मुरते आणि खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते; विहिरींना आधार त्याचाच. तेव्हा वाळू गेली की केवळ किनारा नव्हे, पाणीही जाते.

मुद्दल मात्र घटू लागले आहे. समुद्राचे पाणी तापले की प्रवाळ पांढरे पडतात आणि ताप टिकला तर मरतात. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी लक्षद्वीपने हा आघात सोसला. बंगारम कंकणद्वीपातील पराली-१ हे निर्जन बेट १९६८ च्या नोंदीत होते. धूप होऊन ते पूर्णपणे नाहीसे झाल्याचे २०१७ मध्ये संशोधनातून पुढे आले.

यावर काँक्रीटचे ठोकळे टाकणे हा सर्वपरिचित उपाय. त्याने एक जागा वाचते. परंतु वाळूचा प्रवाह अडला की झीज शेजारच्या काठावर सुरू होते. जलमार्गासाठी खोदकाम केले की उठणारा गाळ प्रवाळांवर बसतो, आणि सांडपाणीही त्यांना मारक ठरते.

विकास नको, असे कोणी म्हणणार नाही. बेटवासीयांना धक्का हवा, रुग्णालय हवे, रोजगारही हवा. आक्षेप आहे तो हिशेबाच्या रीतीवर. पर्यटनाचे उत्पन्न जमेच्या बाजूस मांडले जाते. मेलेल्या प्रवाळखडकाचा घसारा मात्र खर्चाच्या बाजूस कोठेच येत नाही. कारखान्याच्या यंत्राला घसारा लावणाऱ्या समाजाने बेट घडविणाऱ्या यंत्रणेला तो लावू नये, हे विपरीत होय. प्रत्येक प्रकल्पाच्या मंजुरीपूर्वी ही नोंद सक्तीची झाली पाहिजे. व्याज खाऊन घर चालते. मुद्दल खाऊन ते फार दिवस चालत नाही.