खेळ अडतो तो नेमका कुठे?

रात्रीचे नऊ वाजलेले असतात. बाहेरच्या खोलीत मुलगा मोटारशर्यतीचा खेळ खेळत असतो. खेळ चालतो दूरच्या कुठल्याशा संगणकावर. घरातल्या संचावर उमटते ते केवळ त्याचे चित्र. आतल्या खोलीत आईच्या कार्यालयाची बैठक पडद्यावर सुरू असते. एकाएकी मोटार वळणावर थबकते, चित्राचे चौकोनी तुकडे होतात आणि ते सावरेपर्यंत मोटार कठड्यावर आदळलेली असते. आतून आईचा आवाज येतो, ‘‘अरे, नेटला काय केलंस?’’ दुसऱ्या दिवशी वडील महिन्याकाठी चार-पाचशे रुपये अधिक मोजून दुप्पट वेगाची योजना घेतात. आठवडा उलटतो, तक्रार मात्र तीच राहते.

असा खर्च हल्ली अनेक घरांत होतो आणि बहुधा तो वाया जातो. चित्रपट पाहताना पुढचा काही भाग आधीच येऊन साठलेला असतो. मध्येच प्रवाह क्षणभर आटला तरी प्रेक्षकाला त्याचा पत्ता लागत नाही. खेळाला अशी शिल्लक ठेवण्याची सोय नाही. बटण दाबल्याची वर्दी दूरच्या संगणकाकडे जाते, तिथे नवे चित्र तयार होते आणि ते परत येते. सेकंदाला ६० चित्रे धरली, तर एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १७ मिलिसेकंद येतात. म्हणजे एका वेळी किती माहिती येते, याइतकेच ती किती वेळाने येते हेही इथे महत्त्वाचे. गूगलची ‘स्टेडिया’ ही सेवा नोव्हेंबर २०१९ ते जानेवारी २०२३ या काळात चालली. तिची किमान अपेक्षा १० एमबीपीएसची होती आणि सर्वांत सुस्पष्ट अशा ४-के चित्रासाठी ३५ची. शंभराची जोडणी असलेल्या घरात वेगाची वाण नाही, हे यावरून उघड आहे.

मग दोष शोधायचा कुठे? पहिला प्रश्न एवढाच, की तो घराच्या भिंतींच्या आत आहे की बाहेर. संगणकावरून राउटरला ‘पिंग’ करून पाहावे. त्याचे उत्तर एरवी एक ते पाच मिलिसेकंदांत येते. खेळ अडखळत असताना तोच आकडा ५० किंवा १०० वर उड्या मारू लागला, तर सेवा पुरवठादाराला दूरध्वनी करण्यात अर्थ नाही. मग एका संध्याकाळपुरती वाय-फायला सुटी देऊन राउटरपासून संचापर्यंत साधी केबल टाकावी. दिवाणखान्यात ती पायांत येईल, गृहिणी रागावतील. पण निदान पक्के होईल. केबलने दुखणे थांबले, तर गुन्हेगार वाय-फाय.

वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा म्हणजे सदनिकांच्या इमारतीतला सामाईक जिनाच. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथची उपकरणे आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह, सारे तिथेच. त्यात परस्परांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच: १, ६ आणि ११. खेळासाठी ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा बरा. मात्र काँक्रीटच्या दोन भिंती ओलांडताना तो दमतो. राउटर सहसा वायरमनने ठेवला तिथेच, दाराच्या वर किंवा चपलांच्या कपाटात, वर्षानुवर्षे बसून असतो. तो मोकळ्यावर आणला तरी पुष्कळदा काम भागते.

केबल टाकूनही खेळ अडखळला, तर गोष्ट अधिक रंजक होते. बेल लॅब्जमध्ये काम करणारे जिम गेटिस यांना २०१० साली अमेरिकेतील आपल्या घरीच याचा अनुभव आला. मोठ्या फायली पाठवायला घेतल्या की घरातले बाकी सारे व्यवहार खोळंबत. मोजून पाहता विलंब एका सेकंदाहून अधिक निघाला. या विकाराला त्यांनी ‘बफरब्लोट’ असे नाव दिले.

बँकेच्या वाचकांना हा विकार समजायला अवघड नाही. खिडकीवर एक गृहस्थ नाण्यांच्या दहा पिशव्या घेऊन उभे आहेत आणि मागे केवळ पासबुकात नोंद करून घ्यायला आलेल्या आजीबाई आहेत. दालन लहान असते, तर गर्दी पाहून काही जण माघारी गेले असते. स्मृती स्वस्त झाली तशी निर्मात्यांनी उपकरणांत ही प्रतीक्षादालने प्रशस्त करून ठेवली. कुणी माघारी जात नाही, म्हणून पाठवणाऱ्याला गर्दीचा सुगावा लागत नाही आणि तो आणखी पिशव्या धाडतच राहतो. आजीबाई, म्हणजे खेळातल्या त्या एका बटणाची वर्दी, ताटकळतात.

कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली सुचवलेला उपाय मोठा मार्मिक आहे. रांगेत किती जण आहेत हे मोजू नका. प्रत्येक जण किती वेळ उभा आहे ते पाहा आणि वेळ फार झाला की कुणाला तरी परत पाठवा. किरकोळ कामांसाठी वेगळी रांग ठेवण्याची त्याला जोड मिळाली आणि ही संयुक्त पद्धत २०१८ मध्ये आरएफसी ८२९० म्हणून प्रसिद्ध झाली. काही राउटरांत ती ‘एसक्यूएम’ या नावाने मिळते. तिथे वेगाची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास ठेवावी लागते. थोडा वेग सोडला, की रांग पुरवठादाराच्या यंत्रात न साठता आपल्या ताब्यात राहते.

अंतरापुढे मात्र इलाज नाही. काचतंतूतून प्रकाश हजार किलोमीटर जायला सुमारे पाच मिलिसेकंद घेतो. मुंबईहून सिंगापूर सरळ रेषेत जवळपास ३,९०० किलोमीटर. जाऊन-येऊन चाळीसच्या आत काही जमणार नाही. सेवेचे केंद्र देशात असेल, तर तेच निवडावे.

त्या घरात शेवटी केबल टाकली गेली आणि तरीही मोटार आदळली. राउटरचे उत्तर दोन मिलिसेकंदांत येत होते. बाहेरचे मात्र सातशेवर गेले होते. शोध घेता असे आढळले, की आईचा भ्रमणध्वनी रोज नऊच्या सुमारास चार्जिंगला लागे आणि लागताच दिवसभराची छायाचित्रे, चित्रफितींसह, वर चढवू लागे. वाढीव योजनेत उतरता वेग दुप्पट झाला होता; चढता होता तेवढाच राहिला होता. आता ते काम पहाटे होते, आणि वडिलांनी जुनी योजना पुन्हा सुरू करून घेतली आहे.